पाण्यावर बसून आलेली झुंबरअक्का

त्या आठवड्यात धरणगावच्या बाजारात कापसाच्या भावापेक्षा एकच गोष्ट जास्त चढली होती. तापीकाठच्या एका बाईच्या अंगात म्हणे पाण्यातल्या साती आसरा देवी येतात, आणि मग ती पाण्यावर मांडी घालून बसते. बसते म्हणजे नुसती बसत नाही, बसल्या बसल्या नदी पार करते. हात हलत नाहीत, पाय हलत नाहीत, आणि मांडीवर एक नवरदेव आडवा, हळदीनं पिवळाधम्मक! सांगणारी बाई जळगावच्या वऱ्हाडातली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून तिनं बाजारात शपथ घेतली. त्या डोळ्यांवर चांगला जाड भिंगाचा चष्मा होता, ते मात्र कोणी विचारात घेतलं नाही.

झालं! पुढल्या मंगळवारी आमच्या गल्लीत बाहेरगावच्या बायका खण-नारळ घेऊन हजर. "पाण्यावरच्या बाईचं घर कोणतं?" मी बोट दाखवलं. दाखवायला काय जातं? झुंबरअक्का शेणाचे हात घेऊन बाहेर आली. तिची ओटी भरायला पुढं झालेल्या बायकांना म्हणाली, "माय, देवी इठे नही ऱ्हास. इठे म्हसी ऱ्हातस." तरी नारळ ठेवून बायका गेल्याच. त्या नारळांची चटणी महिनाभर सगळ्या गल्लीनं खाल्ली. सगळ्यात जास्त कोणी खाल्ली ते इथं लिहीत नाही.

आता खरं सांगतो. मी त्या दिवशी नदीवर होतो, आणि मला चष्मा नाही. अक्का पाण्यावर बसली नव्हती, भुरीवर बसली होती. भुरी म्हणजे तिची म्हैस. पोहताना म्हशीची शिंगं, डोळे नि नाकपुड्या तेवढ्या वर राहतात, पाठ सगळी पाण्याखाली. लांबून, त्यात पाण्यावर ऊन चकाकत असताना, म्हैस दिसत नाही आणि वरची बाई तेवढी दिसते. आणि पोहण्याचं म्हणाल, तर झुंबरअक्काला पोहता येत नाही. तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की ती देवाचं नाव घेते.

मला हे सगळं ठाऊक, कारण आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि तीही वरून पडलेली. शिवाय माझी पिठाची गिरणी. गावातली कुठलीही बातमी आधी माझ्याकडे येते, मग बारीक होऊन घरोघर जाते.

पोहता न येणाऱ्या या बाईनं दिवसातून दोनदा तापी ओलांडत उभी हयात काढली. आमच्या अल्याडच्या काठाला केळीचे बाग आणि कपाशी, चारायला जागा नाही. चारा पल्याडच्या बेटावर. सकाळी अक्का म्हशी पाण्यात घालायची, भुरीचं शेपूट मुठीत धरायची आणि डोळे मिटून पल्याड जायची. संध्याकाळी तशीच अल्याड. "अक्का, अगं पोहायला शिक, शेपूट सुटलं तर काय करशील?" असं मी विचारलं की म्हणायची, "तू तुन्ही बायकोना पदर सोडस का? मंग मी शेपूट कसाले सोडू?"

म्हैस सकाळी जाईल, पण संध्याकाळी परत कशी येणार? चारा टाकून कोण घरी येतं? त्यालाही अक्काची युक्ती होती. भुरीचं पारडू ती अल्याड ठेवून जायची. पारडू सांभाळायला नवरा, नथ्थूभाऊ. हा माणूस दम्याचा. चार पावलं जोरात चालला की छातीतून पेटी वाजायची. म्हणून त्याच्याकडे एवढंच काम: काठावरच्या बाभळीखाली पारडू घेऊन बसायचं आणि दूध काढायची वेळ झाली की पारडाचा कान हलकेच पिळायचा. पारडू ओरडलं की पल्याड भुरीचे कान उभे. तोंडातला घास टाकून ती पाण्यात पडायची आणि सरळ पारडाच्या दिशेनं येऊन लागायची. मागे शेपटाला अक्का, अक्काच्या मागे बाकीच्या म्हशी. नथ्थूभाऊ पारडू घेऊन जरा इकडे सरकला तर भुरी इकडे लागे, तिकडे सरकला तर तिकडे. नावाडी काय करेल असं काम!

आता या गोष्टीतली मुख्य अडचण. अडचण नवऱ्याच्या नावाची.

आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं असं मानतात. लग्नात उखाण्यात गुंडाळून घेतलं तर चालतं, पण मोकळं नाव घ्यायचं नाही. बाकीच्या बायका कधीमधी चुकतही असतील. अक्का कधी चुकली नाही. नवरा आधीच दम्याचा, त्याच्या आयुष्याच्या घागरीला आपण आणखी भोक कशाला पाडायचं, असं तिचं म्हणणं. ती नाकातल्या नथीला नथसुद्धा म्हणायची नाही. "नाकातलं" म्हणायची. शिरगणतीला आलेल्या गुरुजींनी "नवऱ्याचं नाव?" विचारलं, तेव्हा ही नुसती नाकाकडे बोट दाखवत उभी. गुरुजी बिचारे तिच्या नाकाकडे बघत राहिले. शेवटी मीच भिंतीवरून ओरडलो, "नथ्थू लिहा हो गुरुजी, नाहीतर ती सर्दी लिहायला लावेल!" नवऱ्याला हाक मारायची तर ती "ओऽऽ" म्हणायची. पल्याडहून "ओऽऽ" आलं की अल्याड नथ्थूभाऊ उठायचा. काठावर दुसरं कोणी नसायचंच, त्यामुळे चाललं सगळं बरोबर.

आता मुख्य दिवसाकडे येतो. १९८७ सालचा मार्गशीर्ष. आमच्या गल्लीतल्या तोतारामच्या कुंदाचं लग्न. नवरदेव रतिलाल, राहणार जळगाव, बस डेपोत नोकरीला. देखणा पोरगा, नाकीडोळी नीटस. वऱ्हाड आदल्या संध्याकाळीच आलेलं. सकाळी नवरदेवाला हळद लागली. आमच्याकडे हळद म्हणजे चिमूटभर कपाळाला लावतात तशी नव्हे. तेलात कालवून, हातानं थापून, टाळूपासून टाचेपर्यंत. रतिलालला लावणाऱ्या त्याच्या पाच चुलत्या-मावश्या नि वर त्याची आत्या भिकुबाई. पोराचा रंग असा झाला की पिकल्या केळीच्या घडात ठेवला असता तर व्यापाऱ्यानं उचलून नेला असता.

त्यात जळगावहून रंगीत फोटो काढणारा आलेला. गावात तेव्हा रंगीत फोटो म्हणजे नवलच. नवरदेवाचा एक मित्र त्याला म्हणाला, "रत्या, या तोंडानं फोटो काढलास तर कावीळ झालेला दिसशील." रतिलालनं लगेच ठरवलं, नदीवर जाऊन अंग घासून यायचं. हळद लागलेल्या नवरदेवानं उंबरा ओलांडायचा नसतो, नदीकडे तर फिरकायचंच नसतं. म्हणूनच भिकुबाईनं त्याच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार दिली होती आणि स्वतः दारात बसली होती. पण पुढच्या दाराला आत्या असली तरी मागचं दार मोकळं होतं. नवरदेव आणि दोघं मित्र मागून निसटले. कट्यार खुंटीला, आणि हे तिघं नदीला.

घाटावर आम्ही गल्लीतले गडी लग्नाची मोठी पातेली राखेनं घासत बसलेलो. आमच्यासमोर नवरदेवानं अंग घासायचं म्हणजे लाजच. म्हणून ते तिघं वरच्या अंगाला गेले, उतारातून चालत नदी ओलांडली आणि पल्याडच्या वाळूवर कपडे काढून पाण्यात शिरले. त्या वाळूच्या पुढंच डोह आहे. गावच्या लेकराला ठाऊक. पाहुण्यांना कसं ठाऊक असणार? वाळू पायाखाली चांगली मऊ असते आणि मग एकदम नसतेच.

रतिलाल वाळूनं अंग घासत घासत मागे सरकत होता. सरकता सरकता गेला. मित्रानं हात धरला, तर हाताला तेल! हळदीच्या तेलानं माशासारखा सुळकन निसटला. दुसऱ्यांदा धरायला मित्र पुढं झाला, तोही गेला. तिसरा त्याला धरायला गेला. तिघंही डोहात, आणि प्रवाह त्यांना हळूहळू खाली ओढायला लागलेला.

लांबून पोरांचं खेळणं नि बुडणं सारखंच दिसतं. आम्हाला आधी वाटलं, मस्ती चाललीय. मग एकाची किंकाळी आली तेव्हा हातातली पातेली पडली. आम्ही दोघं-तिघं पोहणारे अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात घुसलो. पण आम्ही अल्याड, पोरं पल्याडच्या डोहात, मधे सबंध तापी. आणि तापी काही आमच्या गल्लीसारखी अरुंद नाही.

जवळ एकच माणूस होतं. पल्याडच्या बेटावर, भुरीजवळ, काठी घेऊन. पोहता न येणारं.

अक्कानं भुरीला पाण्याकडे हाणलं. भुरीचं पोट आत्ता कुठं अर्धं भरलेलं. काठी बसली तर तिनं फक्त कान हलवला, जणू माशी बसली. दूध काढायची वेळ नाही, पारडू ओरडलेलं नाही, मग कशाला जायचं? म्हैसच ती. तिला काय ठाऊक नवरदेव बुडतोय, आणि तो बुडाला तर कुंदाचं काय होईल! गावाला मात्र ठाऊक होतं. हळद लागलेला नवरदेव गेला तर पोरीला जन्मभर बोल लागतो. दुसरं स्थळ येत नाही, आणि आलं तर कसलं येतं ते बोलायला नको. पाण्यात तिघं होते, पण बुडत चार जण होते.

अक्कानं तोंडाला हात लावून हाक दिली, "ओऽऽ! खाले पळा! खाले!"

भुरी पारडाच्या दिशेनं जाते. पारडू बाभळीखाली राहिलं तर भुरी पोरांच्या कितीतरी वरून निघून जाईल. पारडू खालच्या वडाजवळ गेलं तर भुरीची वाट थेट पोरांवरून. हा सगळा हिशेब अक्कानं एका श्वासात केला. पण हाकेचं काय झालं, ऐका.

एरवी काठावर एकटा नथ्थूभाऊ असायचा. आज सगळी गल्ली. "ओऽऽ" म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. "खाले पळा" ऐकून तोतारामचा भाऊ हातातलं पातेलं घेऊन खाली पळायला लागला. त्याच्या मागे आणखी दोघं. का पळतोय ते एकालाही माहीत नाही! आणि ज्याला पळायचं होतं तो नथ्थूभाऊ बाभळीखाली उभा, पारडाच्या गळ्यात हात टाकून. त्याला वाटलं, बायको या वेळी आपल्याला कशी हाक मारेल? एवढे धडधाकट गडी सोडून दमेकऱ्याला कशाला पळवेल?

अक्कानं पुन्हा "ओऽऽ" केलं. पुन्हा सगळे गडी बघायला लागले. डोहात एक डोकं खाली गेलं, वर आलं.

तेव्हा पल्याडहून असा आवाज आला, की माझ्या हातापायातलं पोहणं क्षणभर थांबलं.

"नथ्थूऽऽऽ! पारडू उचल! वडकडे पळ! कान पिळ त्याना, नथ्थूऽऽऽ!"

मोकळं नाव! तेही अरे-तुरे! तापीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं! धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातातली धोपाटणी तशीच वर राहिली. एकीनं तर तोंडाला पदर लावला. तीन पोरं बुडत होती, आणि तरी घाटावरच्या निम्म्या बायका बघत होत्या त्या अक्काकडे.

नथ्थूभाऊला मात्र विजेचा झटका बसल्यासारखं झालं. त्यानं पारडू खांद्यावर टाकलं आणि पळाला. जो माणूस गिरणीपर्यंत यायला दोनदा बसायचा, तो खाचखळग्यातून पारडू घेऊन पळत होता. त्याच्या छातीची पेटी मला पाण्यात ऐकू येत होती. पळता पळता त्यानं पारडाचा कान पिळला. नुसता पिळला नाही, चांगला मुरगळला. पारडानं हंबरडा फोडला.

आणि भुरी निघाली. मघाशी काठीला न हलणारी ती म्हैस, दरडीवरून अशी पाण्यात पडली की पाण्याची भिंत उठली. अक्कानं शेपूट पकडलं आणि तीही गेली. मागून झिपरी नावाची दुसरी म्हैस. तिला काही समजलं नव्हतं, पण भुरी जाते तिकडे ती जाते.

नथ्थूभाऊ वडाकडे पळत होता तसतशी भुरीची मान खाली वळत होती. वळता वळता तिची वाट बरोबर तिघांच्या मधून गेली. पहिल्या मित्रानं जे हाताला लागलं ते धरलं. ते होतं भुरीचं शिंग. शिंगाला लोंबकळला तर म्हशीचं नाक पाण्यात जाणार. अक्का ओरडली, "शिंग सोड रे! तिन्हं नाक बुडनं ते आपन बठ्ठा बुडसूत! पाठ धर, पाठ!" त्यानं पाठ धरली. दुसरा मित्र शहरातला, म्हशीचं तोंड इतक्या जवळून त्यानं पहिल्यांदाच पाहिलेलं. बुडतोय, नाकातोंडात पाणी चाललंय, आणि हा म्हशीपासून लांब पळतोय! "काकू, मारेल ती!" म्हणतोय.

"म्हैस मारी तवय मारी, नदी ते तुले आत्तेच मारी राह्यनी शे! धर ती झिपरीनं शेपूट!"

त्यानं झिपरीचं शेपूट धरलं ते असं, की नंतर काठावर दोन माणसांनी मिळून त्याची बोटं सोडवली.

राहिला नवरदेव. तो वर यायचा थांबला होता. पाण्याखाली काहीतरी पिवळं दिसलं, तिथं अक्कानं हात घातला. दंड धरला, निसटला. मान धरली, निसटली. केस धरले, तर त्यातही चुलत्यांनी तेल ओतलेलं. सहा बायकांनी मायेनं लावलेलं तेल आता पोराचा जीव घ्यायला निघालेलं. शेवटी हात कुठं अडकला? नवरदेवाच्या चड्डीच्या नाड्यात! पट्ट्यापट्ट्याची चड्डी आणि त्याला दुहेरी गाठ मारलेला सुती नाडा. अक्कानं नाडा मनगटाला गुंडाळला, एक हात शेपटाला ठेवून कशीबशी भुरीच्या पाठीवर चढली आणि जावयाला मांडीवर आडवा घेतला. हे जळगावच्या चष्मेवाल्या बाईला दिसलं ते पाण्यावर बसलेलं रूप. मला वाटतं, तो नाडा विणणाऱ्याला देवानं चांगलं केलं पाहिजे. तोतारामच्या घरची सगळी अब्रू त्या दिवशी एका नाड्यावर टांगलेली होती.

आम्ही मधे भेटलो आणि म्हशींच्या बाजूनं उगीच पोहत आलो. काठावर लागल्यावर रतिलालला पालथा घातला, पोट दाबलं. तापी बाहेर आली, थोडी हळदही आली. मग तो खोकला. खोकला आणि डोळे उघडले. घरून तोताराम धावत आला. तो भुरीच्या पायाशीच बसला. भुरीला काय त्याचं? ती पारडाला चाटत होती, पारडू दूध पीत होतं. लग्नाच्या चहाचं दूध ते, पण कोणी अडवलं नाही. आणि नवरदेवापेक्षा नथ्थूभाऊच जास्त मेलेला दिसत होता. वडाच्या बुंध्याला टेकून छाती ओढत होता, तोंड निळं पडलेलं.

एवढ्यात वरून भिकुबाई आली. भाच्याला बघितलं, जिवंत आहे म्हणून छाती पिटली, आणि जीव आहे म्हटल्यावर लगेच जीभ फिरली. "पोरीचा पायगुण बघा! अजून माप ओलांडलं नाही तर ही गत! हे लग्न आता नको. पुढचं पुढं बघू."

पुढचं पुढं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत. तोतारामचं तोंड काळंठिक्कर पडलं. माणूस पाण्याबाहेर काढला आणि पोर बुडायला निघाली.

अक्का ओल्या लुगड्यानं उभी राहिली. पिळायलाही थांबली नाही. म्हणाली, "माय, पोर ते घरमा बसेल शे, हातले मेंदी लाईसन. नदीमा गयात ते ह्याना पाय. पायगुण पाहना व्हई ते ह्याना पाह्य. आनि हळद लायेल नवरदेव घरना बाहेर पडू नको म्हनीसन, दारमा कोन बसेल व्हतं?"

भिकुबाईनं पदर सारखा केला. आणि वाळूत पडलेला नवरदेव, ओठ थरथरतायत, दात वाजतायत, तो म्हणाला, "आत्या, मीच गेलो. फोटोसाठी गेलो. लग्न आजच लागंल."

लग्न लागलं. जरा उशिरा लागलं, पण लागलं. रंगीत फोटोत रतिलाल पिवळा नाही, चांगला निळसर आलाय. कुंदाच्या घरात तो फोटो अजून भिंतीवर आहे. नव्या जावयानं लग्न लागल्यावर आधी अक्काच्या पाया पडायचं ठरवलं, तर अक्का जागेवर नाही. शोधलं, तर ती घरी नथ्थूभाऊच्या छातीला शेकत बसलेली.

आणि आता गंमत ऐका. जेवणावळीत बायकांच्या पंगतीत बोलणं कशाचं? तिघांना वाचवलं त्याचं? छे! "नाव घेतलं म्हणे! मोकळं! अरे-तुरे!" म्हशीचं, डोहाचं, कोणाला काही नाही. एक म्हातारी म्हणाली, मी साठ वर्षं घेतलं नाही, ही नदीवर घेते! दुसरी म्हणाली, पण आवाज काय लागला गं तिचा! माझ्या गिरणीत आठ दिवस दळण कमी आणि हेच जास्त.

अक्काला मात्र हसू नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती भिंतीपाशी आली. आवाज बारीक. "नाना, मोकळं नाव लिधं मी. तेबी दोनदाव. त्यासले काई व्हई का रे?"

असं तिनं विचारलं तेव्हा मलाही थट्टा सुचेना. मग गिरणीवाल्याला सुचेल तेच सांगितलं. "अक्का, माझ्या गिरणीत एकाचं पीठ थोडं दुसऱ्याच्या डब्यात जातंच की नाही? त्या तीन पोरांचं उभं आयुष्य तू दळून दिलंस. त्यातलं मूठ-मूठ नथ्थूभाऊच्या डब्यात नक्की पडलं असेल." तिला पटलं की नाही कोण जाणे. पण दर शनिवारी मारुतीला तेल सुरू झालं, आणि नथ्थूभाऊची बिडी बंद झाली. बिडी तिनं चुलीत घातली. नवं बंडल आलं की तेही चुलीत, तेव्हा शेवटी त्यानंच सोडली.

नथ्थूभाऊचं म्हणाल, तर त्याचं वेगळंच. एकदा बाभळीखाली बसून मला म्हणाला, "नाना, मन्हं नाव इतलं लांब जास, हाई माले ठावंच नव्हतं." आणि लाजला! पन्नाशीचा माणूस, डोक्यावर केस नाहीत, आणि पारडाच्या मानेआड तोंड लपवतोय. त्यानंतर त्याला एक खोड लागली. पल्याडहून "ओऽऽ" आलं की ऐकूच आलं नाही असं दाखवायचा. बसून राहायचा. दुसरं "ओऽऽ", तिसरं "ओऽऽ". वाट बघायचा, की आता तरी घेईल. अक्का पल्याड उभी राहून पाय आपटायची, पण नाव काही घ्यायची नाही. शेवटी भुरीच कंटाळून पाण्यात पडायची.

असं करत करत वर्षं गेली. भुरी म्हातारी होऊन गेली. आता तिच्या नातीचं शेपूट अक्काच्या मुठीत असतं. नथ्थूभाऊ ठणठणीत आहे. दमा अधूनमधून भेटायला येतो, राहत नाही. रतिलाल-कुंदा दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, आले की अक्काला लुगडं. दोन लेकरं आहेत. रतिलाल अजूनही तापीत घोट्यापर्यंतच जातो, आणि कुंदा मुद्दाम विचारते, "अहो, नाडा बांधलाय ना नीट?"

मागल्या आखाजीची गोष्ट. संध्याकाळी अक्काच्या ओट्यावर सगळे बसलेलो. कुंदाच्या माहेरवाशिणी मैत्रिणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. तोताराम, रतिलाल, कुंदा, लेकरं, मी. कोपऱ्यात नथ्थूभाऊ नव्या पारडाला खाजवत होता. अक्का ताटात डाळ निवडत होती. मला राहवेना.

म्हटलं, "अक्का, एवढी वर्षं झाली. या लेकरांनी बापाची गोष्ट हजारदा ऐकलीय, पण ते नाव तुझ्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. आज सणाचा दिवस. मोकळं एकदा घेऊन टाक. काही होत नाही, बघितलंस ना आता!"

"घ्या ना मावशी!" कुंदा म्हणाली. रतिलालनं हात जोडले. नथ्थूभाऊचा पारडावरचा हात थांबला. त्यानं वर बघितलं नाही, पण कान इकडेच होते.

अक्कानं डाळीतला खडा काढला, ओट्याखाली टाकला. एकेकाचं तोंड पाहिलं, शेवटी माझं पाहिलं, आणि म्हणाली,

"कसाले? कोनी बुडी राह्यनं का?"